शनिवारचे डबे

तिने तिसरा डबा डाव्या तळहातावर तोलला, हातातल्या वीतभर काठीने झाकणावर एक हलका ठोका दिला आणि डोळे मिटले.

"अख्खे," ती म्हणाली. मग खडूने डब्यावर बरोबरची खूण करून तिने तो लेकीकडे सरकवला.

ओट्यावर गेल्या शनिवारचे चार डबे होते आणि एकावरही लेबल नव्हतं. प्रत्येकाला कुठे ना कुठे पोचा आलेला. असे डबे कारखान्यात लेबल लागायच्या आधीच पट्ट्यावरून उचलून टोपलीत टाकत आणि दर शनिवारी दुपारी कामगारांच्या घरांत वाटून टाकत. आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळायची दुसरी काही सोय नव्हती. ती वाजवून सांगायची आणि चाळीस घरं त्यावर आठवड्याचा स्वयंपाक ठरवायची.

कारखान्यात डब्यात जाणाऱ्या गोष्टी चारच, आणि चारही टोमॅटोच्या. सोललेले अख्खे टोमॅटो, तुकडे, प्युरी आणि पेस्ट. बाहेरच्या माणसाला सगळं एकच लाल दिसतं आणि तो हाताला लागेल तो डबा पातेल्यात ओततो. अशा माणसांची तिला मनापासून कीव यायची. अख्खे टोमॅटो हाताने कुस्करून मंद आचेवर ठेवले की तासाभरात विरघळतात, रश्शाला अंग येतं. तुकड्यांचं तसं नाही. आकार राहावा म्हणून त्यांत एक क्षार घालतात; मग दोन तास उकळा नाहीतर चार तास, तुकडा आपले कोपरे सांभाळून बसलेला असतो. बटाट्यांत, अंड्यांत घालायला ते बरे, सूप करायला गेलात तर फजिती. प्युरी घाईच्या दिवशीची, पण तिलाही एक दणदणीत उकळी द्यावी लागते, नाहीतर डब्याची चव जिभेवर राहते. आणि पेस्ट आधी तेलात परतायची, लाल रंग विटकरी होऊन कडेने तेल सुटेपर्यंत. जी बाई पेस्ट थेट पाण्यात ढवळते तिला स्वयंपाक येत नाही, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती त्या बाईच्या तोंडावर सांगत असे.

प्रत्येकाचा आवाज वेगळा. अख्ख्यांचा डबा ठणकन वाजतो आणि आत काहीतरी हललेलं कळतं. तुकड्यांचा तसाच, पण आखूड. प्युरीचा भरीव. पेस्टचा मुळातच बद्द, कारण आत हलायला जागाच नसते. पण डब्यात हवा शिरून माल बिघडायला लागला की तोही बद्दच वाजतो, मग आत काहीही असो. त्यामुळे पेस्टचा चांगला डबा आणि वाईट डबा यांच्यात केसाएवढा फरक उरतो. पोचा आलेल्या डब्याचं झाकण थोडं इकडेतिकडे झालेलंच असतं, तेव्हा नजरेवर भरवसा नाही. तो केसाएवढा फरक ऐकणं हे तिचं बावीस वर्षांचं काम होतं. कारखान्यात तिला कानवाली म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

लेकीने तिसरा डबा उघडून पातेल्यात ओतला. आत तुकडे होते. चौकोनी, एकसारखे, कोपऱ्यांसकट.

ती बघत राहिली. लेकीने डबा विसळला, ते पाणी पातेल्यात घातलं आणि सूप राहू दे, आज बटाटे करू, असं सहज म्हणाली. दिवसभर यंत्राच्या धडधडीत उभं राहून लक्ष कुठलं लागणार, असंही म्हणाली. तिने मान हलवली. मग चौथा डबा घेतला, ठोका दिला, आणि या वेळी जरा जास्त वेळ डोळे मिटून थांबली.

"पेस्ट. चांगली आहे."

खडूची खूण झाली. लेकीने डबा फडताळात वरच्या खणात ठेवला आणि तो उद्याला होईल म्हणाली.

आपला कान गेला, असं ती स्वतःशीही म्हणत नव्हती. कान गेला ही एका दिवसात होणारी गोष्ट असती तर तिने म्हटलंही असतं. डब्यांना झाकणं बसवणारं यंत्र तिच्या जागेपासून सात पावलांवर होतं आणि बावीस वर्षं ते रोज तिच्या कानांतून थोडं थोडं काही नेत होतं. आधी बारीक आवाज गेले. मग पाठीमागून बोललेलं कळेनासं झालं. समोरच्या माणसाचं तोंड बघितलं की बोलणं समजायचं, म्हणून ती तोंड बघायला लागली, आणि लोक म्हणायला लागले की कानवाली हल्ली किती मन लावून ऐकते. डब्यांच्या बाबतीत तिच्या तळहाताने काम उचललं. अख्खे टोमॅटो आत हलले की हाताला कळत. प्युरीचा एक मंद धक्का येई. पेस्टचं हाताला काहीच कळत नसे, पण पेस्टचं असंही काही कळायचं नसतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. कान गेला तर नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर कारखान्याच्या वसाहतीतल्या या दोन खोल्या. नियम साधा होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि निवृत्त होणाऱ्याला मरेपर्यंत घर राहायचं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, बॉयलर बंद पडला आणि सगळ्यांना लवकर घरी सोडलं. जुना बॉयलरवाला होता तोवर असं कधी झालं नव्हतं. तो सात महिन्यांपूर्वी गेला, पोटाच्या दुखण्याने, दोन दिवसांत. जुलाब, उलट्या, मग डोळे आत गेले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. डॉक्टरांनी पाण्याचा संशय घेतला. वसाहतीची टाकी उपसून घासली, महिनाभर चाळीस घरांनी पाणी उकळून प्यायलं. त्याची बायको लेबलं लावायच्या टेबलावर होती. सगळे तिला वहिनी म्हणत. तेराव्या दिवशी ती कामावर आली आणि कुणी काही विचारायच्या आत लेबलांचा गठ्ठा सोडून बसली.

कानवाली घरी आली तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि लेक आत नव्हती. शाळेच्या कचेरीतून ती तीनलाच घरी यायची. मागच्या दारी मोरीच्या तोंडाशी ती उकिडवी बसलेली दिसली, पाठ इकडे. एका हातात टोचा होता. तिने डब्याच्या झाकणात टोचा मारला आणि मान पटकन बाजूला केली. लाल फेस उसळून तिच्या मनगटावरून खाली आला.

डब्यावर खडूची खूण होती. अगदी ठसठशीत.

लेकीने वळून पाहिलं आणि उठायची काही घाई केली नाही. आता लपवून काय करायचं, असा तिचा चेहरा होता.

"हा कालचा आहे," आई म्हणाली. "माझ्या खुणेचा."

"हो."

"वाईट निघाला?"

लेकीने डबा पुढे केला. तिने नाकाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. नाक शाबूत होतं तिचं. आंबलेला, कुजका वास डोक्यात गेला.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. आई कामावर गेली की लेक तिच्या खुणेचे डबे पुन्हा वाजवून बघायची. दहा वर्षांची असल्यापासून ती याच ओट्यापाशी बसून ऐकत आली होती. शिकवायला कुणी बसलं नव्हतं, पण शिकून झालं होतं. जो डबा बिघडल्यासारखा वाजेल तो ती मोरीत ओतायची, भरपूर पाणी सोडायची आणि रिकामा डबा कचऱ्यात तळाशी दाबायची. बारा-तेरा झाले असतील. मोजले नव्हते. कधीपासून, तर बरेच महिने झाले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस आई? राजीनामा दिला असतास. मग कुठे गेलो असतो आपण?" लेकीने पाण्याचा नळ सोडला. "आणि तुला काय सांगायचं? कान नाही म्हणून? तुला?"

तिने लेकीला जवळ घ्यायला हवं होतं, किंवा एक ठेवून द्यायला हवी होती. दोन्ही केलं नाही. तिला त्या क्षणी मोरी दिसत नव्हती की लेक दिसत नव्हती, फक्त ट्रक दिसत होते. तिच्या काठीखालून दिवसाला हजारांनी डबे जात. ती ज्याच्याकडे बघून मान हलवी तो डबा पुढे सरके, लेबल लागे, ट्रकमध्ये चढे आणि तिने कधी पाहिलं नाही अशा गावांतल्या दुकानांत जाऊन बसे. तिथून तो कुणाच्या ओट्यावर गेला, कुणी त्याची पेस्ट नीट परतली आणि कुणी नाही परतली, कुणाच्या पोराने खाल्लं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली. घरात तेरा निघाले, तर बाहेर किती गेले असतील, हा हिशोब तिला करवेना.

शुक्रवारी सकाळी ती शेडवर न जाता आधी काचेच्या खोलीत गेली. तपासणीवाल्या मॅडम तिच्या लेकीहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. हुशार, कधी आवाज न चढवणाऱ्या. तिने उभ्यानेच सांगितलं. मला ऐकू येत नाही, वर्ष होऊन गेलं, माल परत बोलवा. एवढं तिने रस्ताभर पाठ केलं होतं आणि ते न अडखळता सांगून झालं.

मॅडमनी उठून दार लावलं. "मावशी, बसा आधी."

ती बसली नाही. मग मॅडम तिला बाहेर घेऊन गेल्या, पट्ट्याच्या शेवटी, लेबलांच्या टेबलाच्या अलीकडे. तिथे पट्ट्यावर एक पत्र्याची पेटी बसवलेली होती. सगळे तिला मोजणीचं यंत्र म्हणत. मॅडमनी पेटीचं दार उघडून दाखवलं. आत एक डोळा होता, खाली सरकणाऱ्या प्रत्येक डब्याचं झाकण किती आत ओढलं गेलंय ते बघणारा. झाकण पुरेसं आत नसलं, म्हणजे डब्यात हवा शिरलेली असली, की एक दांडी बाहेर येई आणि डबा बाजूला ढकलून देई. मॅडम तिच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलल्या. दीड वर्ष झालं हे बसवून. एकही डबा याच्याखालून गेल्याशिवाय ट्रकवर चढत नाही. एकही नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. खरोखर पडला. त्या अनोळखी गावांतली सगळी पोरं एकदम बरी झाली. ती हसलीसुद्धा, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे दीड वर्ष मी उगाच ठोकतेय?"

मॅडम तिला परत काचेच्या खोलीत घेऊन आल्या. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांचं मोठेपण. बाहेरून गिऱ्हाईक कारखाना बघायला येतं, त्यांना काठीवाली बाई बघायला आवडतं, असं त्यांनी सांगितलं. शिवाय मालक म्हणाले होते, तिची थोडी वर्षं राहिलीत, तिला कुणी सांगू नका. सगळ्यांनी ते पाळलं. तिनेही आता राहिलेली दोन वर्षं शांतपणे काढावीत, घर कुठे जात नाही. कानाचं कुणाजवळ बोलायची गरज नाही.

एवढ्या चांगल्या शब्दांत कुणाला कामावरून काढून टाकलेलं तिने पाहिलं नव्हतं, आणि तेही नोकरीवर ठेवून. ती खोलीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली.

"पोचे आलेले पण त्या यंत्राखालून जातात?"

"नाही, ते अडकतात. म्हणून तर आधीच काढून तुमच्या टोपलीत टाकतो." मॅडम हसल्या. तिला काहीतरी परत द्यावं, अशा मायेने म्हणाल्या, "त्यांना तुम्ही आहातच की, मावशी."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जागच्या जागी राहिलं आणि हळूहळू त्याचा अर्थ गेला. त्यांनी टेबलावरचा एक सरळच असलेला कागद पुन्हा सरळ केला.

"उद्याची टोपली मी रिकामी पाठवते," त्या शेवटी म्हणाल्या. "या आठवड्यात पोचे नाहीत, एवढं सांगा. पुढे वाटपच बंद करू, मी काहीतरी कारण काढते. कुणाला काही कळायचं कारण नाही."

दीड वर्षात ज्यांना तिच्या कानाची खरोखर गरज होती ती एवढीच चाळीस घरं. सगळी तिच्या ओळखीची. कुठल्या घरात कोण तिखट खात नाही, कुणाचे दात गेलेत म्हणून त्यांना प्युरीच लागते, हे तिला तोंडपाठ होतं. त्या सगळ्या फडताळांत तिच्या खुणेचे डबे या क्षणी ठेवलेले होते.

दिवसभर ती पट्ट्यापाशी उभी राहिली आणि ठोकत राहिली. काठी थांबवली असती तर लोकांनी विचारलं असतं. वहिनी वीस पावलांवर लेबलं लावत होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर तिकडेच जात होती.

सात महिन्यांपूर्वीचा तो शनिवार तिला नीट आठवत होता, तेच वाईट होतं. वहिनीची पाळी दुपारची होती, घाईत होती, पिशवी उघडी धरून म्हणाली की ह्यांच्यासाठी एक पेस्ट दे, मी नसताना स्वतःच घेवडा शिजवून खातात, आणि त्यांना तो विटकरी रंगाचाच लागतो. परतायचं बॉयलरवाल्यालाही तिनेच शिकवलं होतं, एकदा वसाहतीच्या सहलीला, सगळ्यांच्या हसण्यात. तिने एक डबा उचलला, ठोका दिला. हाताला काही कळलं नाही. मागे रांग होती. तिने खूण केली आणि डबा पिशवीत टाकला. तीस वर्षं धुरात काढलेल्या त्या माणसाला वास येत नसे, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. पोळी करपली तरी त्याला दुसऱ्याने सांगावं लागे. त्या डब्यानेच झालं असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. नाही झालं, असंही सांगू शकलं नसतं.

संध्याकाळी लेक सकाळची ताटं घासत होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, लेकीचा चेहरा दिसेल अशी.

"तू डबे फेकायला लागलीस ते बॉयलरवाले भाऊ गेले त्याच्या आधी की नंतर?"

लेकीचा हात ताटावर थांबला. तिने आईकडे पाहिलं नाही, म्हणून उत्तर पहिल्यांदा कळलंच नाही. तिला पुन्हा विचारावं लागलं.

"आधी," लेक वळून म्हणाली. "दोन आठवडे आधी." मग तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा वेडावाकडा झाला. "मी फक्त तुझा विचार केला आई. बाकी कुणाचा विचारच आला नाही मनात. खरंच नाही आला. ते गेल्यावर आला, आणि मग बोलायचं धाडस झालं नाही."

आता मात्र तिने लेकीला जवळ घेतलं. साबणाचे हात तिच्या पाठीला लागले. तिला लेकीचा राग आला नव्हता, हे तिचं तिलाच भयंकर वाटलं. तिच्या जागी आपण काय केलं असतं हे तिला नेमकं माहीत होतं. अगदी हेच. त्या रात्रीचं जेवण कुणी वाढलं नाही आणि कुणी मागितलं नाही.

शनिवारी दुपारी शेडच्या मागच्या बाजूला नेहमीचं टेबल मांडलेलं होतं. टोपली मॅडमनी म्हटल्याप्रमाणे रिकामी. बायका पिशव्या घेऊन आल्या आणि आपसूक रांग लागली, भिंतीच्या सावलीच्या रेघेतून एकही पाय उन्हात पडणार नाही अशी. नेहमीची चेष्टामस्करी चालू होती. टोपली रिकामी बघून एकीने विचारलं, आज काय वारा वाटणार का. सगळ्या हसल्या. पहिल्या नंबरला वहिनी होती. गेल्या सात महिन्यांत दर शनिवारी तीच पहिली असायची. घरी थांबायला कारण नव्हतं.

एक वाक्य बोलायचं होतं. या आठवड्यात पोचे नाहीत. रांग कुरकुरली असती, मोडली असती, आणि दोन वर्षांनी तिच्या नावावर दोन खोल्या मरेपर्यंत. तिने तोंड उघडलं तेव्हा तेच वाक्य जिभेवर होतं.

"वहिनी, तुमच्या घरात माझ्या खुणेचे किती डबे आहेत?"

"असतील चार-पाच. का?"

"फेकून द्या. उघडू नका. मला ऐकू येत नाही."

वहिनीला ती थट्टा वाटली असावी, कारण ओठांच्या कडेला हसू आलं. मग गेलं.

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं."

मागून कुणीतरी काय झालं, काय झालं, असं विचारत होतं, ते तिला मानांच्या हालचालींवरून कळलं. वहिनीने पिशवी टेबलावर ठेवली, सपाट केली, तिच्यावरून एकदा हात फिरवला. सात महिने मागे जाऊन यायला तिला फारसा वेळ लागला नाही.

"घरी कुणाला माहीत होतं? तुझ्या लेकीला?"

"नाही," ती म्हणाली. "तिला काही माहीत नाही." एवढं एक खोटं तिने आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

"ह्यांचा डबा तू दिला होतास. वाजवून."

"हो."

"काय ऐकलंस तेव्हा?"

नीट वाजला होता, असं म्हणता आलं असतं. कुणीही ते खोडून काढू शकलं नसतं, आणि कदाचित वहिनीलाही तेच हवं होतं. वहिनी तिच्या तोंडाकडे बघत होती, जशी ती स्वतः वर्षभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत आली होती.

"काहीच नाही," ती म्हणाली. "काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी मी खूण केली."

वहिनीचे दोन्ही हात टेबलावर होते. ते उचलले जातील आणि आपल्याला लागतील, असं तिला वाटलं, आणि लागावेत असंही वाटलं. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. तिने पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि रांगेतून बाजूला सरली. पण गेली नाही. टेबलाच्या कडेशी, तिच्या आणि रांगेच्या मध्ये, उन्हात उभी राहिली. मग तिच्याकडे तोंड करून, ओठ अगदी स्पष्ट हलवत म्हणाली,

"मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

आपला आवाज किती चढतो, किती पडतो, हे तिला आता कळत नसे. तिने रांगेच्या टोकाकडे नजर लावली. शेवटी उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर मूल होतं आणि ती अजून हसतच होती. त्या बाईचा चेहरा बदलेपर्यंत ती सांगत राहिली.